बॉबिन कुठे राहणार

हॉस्पिटलच्या दारातच मास्टरने आपल्या लेकीच्या पाठीवर दोन टाचण्या लावल्या.

एकोणीस दिवसांनी ती बाहेर आली होती. आईने तिच्या हातातली पिशवी घेतली, आत्याने तिला घट्ट कवटाळलं, आणि इतका वेळ टॅक्सीचं दार धरून उभा असलेला मास्टर पुढे आला. तिच्याभोवती अर्धी फेरी मारून त्याने ड्रेसचं पाठीवरचं सैल कापड चिमटीत धरलं, स्वतःच्या कोटाच्या कॉलरमागे कायम खोचलेल्या असतात त्यांतल्या दोन टाचण्या काढल्या आणि तिथल्या तिथे लावून टाकल्या. "दीड इंच आत घ्यावं लागेल," तो म्हणाला. भेटीच्या वेळेला तो रोज यायचा, पण खिडकीशी उभा राहून खालच्या गाड्या बघत राहायचा. त्यामुळे एकोणीस दिवसांत लेकीशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य होतं.

टॅक्सीत ती सगळा वेळ पुढे वाकून बसली.

या घरात तीन पिढ्या शिवणकाम चाललंय आणि तीन पिढ्यांत कुणी कुणाला "छान झालंय" म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. कोट तयार झाला की तो अण्णांपुढे जायचा. अण्णा म्हणजे मास्टरचे वडील. त्यांना खोट दिसली तर ते खडूने फुली मारायचे, नाही दिसली तर कोट मुकाट्याने खुंटीवर. खुंटीवर गेला की समजायचं. कारागिरांना समजायचं, गिऱ्हाइकांना समजायचं, आणि पोरांनाही समजत असणार असं या शहाण्या माणसांनी धरून चाललं. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, पण घरातल्या पोराला शब्द लागतात एवढी साधी गोष्ट कुणाच्या टेपवर आली नाही.

पोरगी सोळा वर्षांची. लहानपणी मशीनमधल्या दोऱ्याच्या रिळासारखी मशीनभोवती गरागरा फिरायची म्हणून एका सुट्टीत आत्याने तिला बॉबिन म्हटलं आणि तेच नाव पडलं. तीन आठवड्यांपूर्वी ती शाळेला म्हणून निघाली आणि एकाच बसमध्ये बसून राहिली. शेवटच्या थांब्यापर्यंत, तिथून परत, पुन्हा शेवटच्या थांब्यापर्यंत. पाचव्या फेरीला कंडक्टरबाई तिच्याजवळ आल्या. "बाळा, कुठे उतरायचंय तुला?" "कुठेच नाही," ती म्हणाली. "आता कुठेच उतरायचं नाहीये मला." कंडक्टरबाईंना स्वतःची दोन पोरं होती. त्या तिच्याशेजारी बसल्या, तिचा हात धरला आणि ड्रायव्हरला बस सरळ हॉस्पिटलकडे घ्यायला लावली. बसमधल्या दोघातिघांनी उशीर होतोय म्हणून कटकट केली म्हणतात. अशी माणसं सगळीकडे असतात.

आत्या दुसऱ्याच दिवशी विमानाने आली. सत्तावीस वर्षं ती परदेशात राहते. उद्या दुपारी ती परत जाणार होती, आणि बॉबिनला वर्षभरासाठी बरोबर न्यायची तिची तयारी होती. पासपोर्ट होता, तिकीटही धरून ठेवलं होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधं आणि डॉक्टरांशी बोलणं दोन्हीकडे चालू राहील, पण कुठे राहायचं ते मुलीने ठरवायचं, आणि संध्याकाळी पाचच्या आत मला कळवायचं. तिकडच्या डॉक्टरांना कागद पाठवायला तेवढा वेळ लागतो.

अण्णांना वरच्या घराचा जिना चढवत नाही, म्हणून या घरातलं सगळं महत्त्वाचं खाली दुकानात, कटिंगच्या टेबलाभोवती ठरतं. रविवार होता, दुकान बंद होतं. बाहेर सकाळपासून आभाळ भरून आलेलं, आतला दिवा दुपारी दोन वाजताच लावावा लागला. कापडाचे तागे एका बाजूला सारून आईने चहाचे कप आणि पाव ठेवले होते. पाव कुणी घेत नव्हतं.

"पाठ टेकून बस ना गं," आई म्हणाली.

"टोचतंय."

"काय टोचतंय?"

बॉबिन आणखी पुढे सरकली. आईने तिला खांद्याला धरून वळवलं आणि तिला टाचण्या दिसल्या. हॉस्पिटलच्या दारात ती पिशवीतली औषधं मोजत होती, तिने काही पाहिलं नव्हतं. तिने टाचण्या काढल्या आणि टेबलावर नवऱ्यापुढे ठेवल्या.

"पोर घरी येतेय आणि तुम्ही तिला टाचण्या लावल्यात?"

"ड्रेस सैल झालाय."

"ड्रेस नाही सैल झाला. पोर वाळलीय."

"तेच म्हणतोय मी," मास्टर म्हणाला. आणि खरंच तो तेच म्हणत होता, पण ते त्याच्याशिवाय कुणाला कळायची सोय नव्हती.

"डॉक्टरबाईंनी तुला काय विचारलं होतं रे?" आत्या म्हणाली. ती मास्टरहून तीन वर्षांनी मोठी, आणि परदेशात राहूनही थोरल्या बहिणीचा आवाज तिने जपून ठेवला होता. "मुलीला शेवटचं जवळ कधी घेतलंत, असंच ना?"

मास्टर टेबलावरच्या दोन टाचण्या एकीशेजारी एक नीट लावायला लागला. उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "शाळेचा युनिफॉर्म शिवला तेव्हा, म्हणाले. खांद्याचं माप घेतलं. डॉक्टरबाईंनी लिहूनही घेतलं ते."

"मग खांदा बरोबर बसला का?" अण्णांनी खुर्चीतून विचारलं.

आत्याने कपाळाला हात लावला. पण बॉबिन फिसकन हसली. अगदी थोडं, नाकातून. सगळे एकदम तिच्याकडे बघायला लागले, तसं ते हसू लगेच आत गेलं.

एकोणीस दिवस आई हॉस्पिटलमधल्या त्या पलंगाशी बसली होती. फळं सोलली, केस विंचरले, गोष्टी सांगितल्या, विनोद केले. आणि हसवलं कुणी, तर म्हाताऱ्याने. त्याचा तिला राग आला आणि रागाची लाज वाटली.

ती स्वतः बडबड्या घरातली. तिच्या माहेरी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडायची, मोठमोठ्याने कौतुकं करायची, तितक्याच मोठ्याने भांडायची. लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिने केलेलं पहिलं जेवण सगळ्यांनी एक अक्षर न बोलता संपवलं होतं. ती मोरीत जाऊन रडली. तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "अगं वेडे, पातेलं पुसून खाल्लं त्यांनी. अजून काय हवं?" मग तिलाही ही भाषा आली. आली ती इतकी पक्की, की लेकीने पहिल्यांदा चित्र काढून आणलं तेव्हा ते तिने कपाटात नीट जपून ठेवलं आणि तोंडाने म्हणाली, "हात धुऊन ये." चित्र अजून आहे. पोरीला ते माहीत आहे की नाही, हे तिने कधी विचारलं नव्हतं.

सकाळी उठताना तिने ठरवलं होतं की नणंदेला ठणकावून सांगायचं, माझी पोर मी कुठे पाठवणार नाही. वाक्य तयार होतं. पण टेबलावरच्या त्या दोन टाचण्यांकडे बघताना ते विरून गेलं.

"ताई," ती म्हणाली, "घेऊन जा तिला."

"काय?" मास्टरने मान वर केली.

"घेऊन जा म्हटलं. आम्हाला नाही जमलं."

"जमलं नाही म्हणजे?" अण्णा खुर्चीत सरळ झाले. "घरची पोर घरी राहील. आजारी माणसाला कुणी परमुलखात धाडतं का?"

"आजारी ती घरातच पडली, अण्णा."

सुनेने सासऱ्याला असं तोंडावर उत्तर द्यायची या टेबलापाशी पहिलीच वेळ. अण्णा पुन्हा खुर्चीत मागे टेकले. आई उठली आणि कोणी न घेतलेला पाव पुन्हा कापडात गुंडाळायला लागली.

आत्या हबकली होती. एवढे दिवस तिने भांडणाची तयारी केली होती आणि समोरच्याने दारच उघडं टाकलं. जिंकल्यावर बरं वाटायला हवं, तसं वाटलं नाही. मग तिने जुनंच भांडण उकरून काढलं, कारण ते तिला पाठ होतं.

"घरची पोर घरी," ती म्हणाली. "मीही घरचीच होते ना, अण्णा? एकोणीस वर्षांची होते मी. पहिला कोट शिवला, एकटीने. कटिंगपासून काजापर्यंत. चार कारागीर बघत होते आणि तुम्ही तो घेतलात आणि माझ्यासमोर उसवलात. टराटरा. आठवतंय?"

"कॉलर उसवली होती. कोट नाही."

"मला कोटच दिसला."

अण्णांनी आपल्या बोटांकडे बघितलं. वयाने त्यांची बोटं आता वाकडी झाली होती, सुईही धरता येत नव्हती. "वाईट कामाला मी हात लावत नसे," ते म्हणाले. "वाईट काम सरळ चिंध्यांत जायचं. तुझी बाही मी नंतर कारागिरांना दाखवत होतो, दोन वर्षं. अशी लावायची म्हणून. कॉलर तेवढी ओढत होती. ती सुधारली की तो कोट माझ्या कोटाशेजारी लागला असता. म्हणून उसवली."

आत्या त्यांच्याकडे वळली. "हे तुम्ही मला आज सांगताय?"

"कळलं असेल असं वाटलं."

"नाही कळलं."

"आता कळलं ना."

"आता काय उपयोग, अण्णा? मी त्यानंतर सुई हातात धरली नाही. मी बँकेत खिडकीमागे बसते. सत्तावीस वर्षं." तिने डोळे पुसले, पण आवाजात मऊपणा आला नाही. "आता सांगितल्यामुळे मला बरं वाटायला हवं असेल, तर नाही वाटत. उलट जास्त वाईट वाटतंय. तोंडाशी होतं तुमच्या, एवढंसं तर होतं."

अण्णांनी मान हलवली. ती कबुली होती की नुसती म्हातारपणाची मान, सांगता येत नव्हतं.

"तिकडे असं नसतं," आत्या वहिनीकडे वळून म्हणाली. "तिकडे माणसं बोलतात. फोन ठेवताना, दारातून जाताना, झोपताना, माझा जीव आहे तुझ्यावर, असं सरळ म्हणतात. मला सुरुवातीला हसू यायचं, लाज वाटायची. पण मी शिकले. माझ्या मुलाला मी एक दिवस चुकवलेला नाही."

"म्हणजे तुमच्याकडे राहिली की ही बरी होईल ना?" आईने विचारलं. तिने इतक्या आशेने विचारलं की आत्याला खोटं बोलणं सोपं गेलं असतं.

आत्याने चहाचा कप उचलला. चहा केव्हाच थंड झाला होता. तिने तो तसाच खाली ठेवला.

"तो कॉलेजच्या वसतिगृहात आहे असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तो नव्हता तिथे. गेल्या हिवाळ्यात चार महिने तो अशाच एका वॉर्डात होता."

आई पाव गुंडाळायची थांबली.

"त्याला डॉक्टरांनी विचारलं, आई तुझ्याशी प्रेमाने बोलते का? तो म्हणाला, हो, रोज. मग म्हणाला, पण ती माझ्याकडे बघून नाही म्हणत. चाव्या शोधता शोधता म्हणते." आत्या हसायला गेली, जमलं नाही. "म्हणाला, कुत्र्यालाही तेच म्हणते, त्याच आवाजात. आणि खरं आहे ते. मी पुढच्या कामाला पळायचे आणि जाताना तेवढं बोलून मोकळी व्हायचे. तो जेवायचा कमी झाला, वजन उतरलं, मला दिसलंच नाही. एक शेजारीण घरी आली आणि म्हणाली, हा किती वाळलाय."

तिने एकदा मास्टरकडे बघितलं. दीड इंच त्याला पंधरा पावलांवरून दिसला होता.

"आता बरा आहे," ती घाईने म्हणाली. "बोलतो. तो तिच्याशीही बोलेल, त्याला माहीत आहे हे सगळं. म्हणून मी तिकीट धरलं. मी काही मोठी शहाणी आहे म्हणून नाही." बोलून झाल्यावर आत्या जागची उठली आणि उगाचच ट्रायल रूमचा पडदा सारखा करायला लागली.

मास्टर इतका वेळ गप्प होता. लोकांना वाटायचं तो मूग गिळून बसलाय, पण तो बसला नव्हता, तो बघत होता. लेकीकडे बघणं हे एकच काम त्याला येत होतं आणि ते तो तिच्या जन्मापासून करत आला होता. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाव इंच खाली आहे हे त्याला ती चार वर्षांची असल्यापासून माहीत होतं. ती खोटं बोलताना मान पुढे काढते, परीक्षेच्या आधी तिची कंबर आखडते, हेही. आणि गेल्या वर्षी, शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तेव्हा, एक दिवस ती दुकानासमोरून घरात शिरली आणि त्याच्या हातातली कात्री थांबली होती. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरबाईंनी इतके प्रश्न विचारले, पण हा नाही विचारला, आणि न विचारलेलं सांगायची या घराला सवय नाही.

आता त्याला वाटलं, हे नाही सांगितलं तर मी माणूस नाही.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय दिसलं होतं?" आईने विचारलं.

"तिचे खांदे उतरले होते. दोन्ही. आठ महिन्यांपूर्वी." तो बायकोशी बोलत होता, पण बघत लेकीकडे होता. "असे खांदे मी गिऱ्हाइकांचे बघतो. घरात कुणी गेलं की असे होतात. नोकरी गेली की होतात. काहीतरी झालंय हे मला त्याच दिवशी कळलं."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"शाळेचा कोट उसवला आणि आत खांद्यांना पॅड घातलं. दोन्ही बाजूंना. सरळ दिसायला लागली."

आईच्या हातातून पाव खाली पडला. पडद्याशी उभी असलेली आत्या तशीच उभी राहिली. अण्णांनी डोळे मिटून घेतले, कारण त्यांनीही तेच केलं असतं, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

"मला वाटलं," बॉबिन म्हणाली, आणि मास्टर सोडून सगळे दचकले, कारण ती टेबलाशी बसलेली आहे हे बोलता बोलता ते विसरले होते. या माणसांचं हे नेहमीचंच. "मला वाटलं मी वाकडी दिसते म्हणून घातलं. तुम्हाला लाज वाटते म्हणून. कोट घातला की मला ते पॅड खांद्याला लागायचं. रोज. मी शाळेत कोट काढून ठेवायचे. थंडीतसुद्धा."

"लाज नाही गं," मास्टर म्हणाला. "लाज कसली."

"मग?"

"मला दुसरं काही येत नव्हतं."

तो उठला. टेबलाला वळसा घालून तिच्याकडे आला, आणि तिच्यापुढे आल्यावर त्याच्या हातांना काय करावं ते सुचेना. टेप गळ्यात नव्हती, खडू नव्हता. त्याने हात कोटाच्या खिशात घातले, बाहेर काढले, आणि शेवटी खाली सोडून दिले. वय बावन्न, शहरातल्या निम्म्या नवरदेवांचे कोट शिवलेला माणूस, आणि पोरीसमोर शाळेतल्या मुलासारखा उभा.

"जाऊ नकोस," तो म्हणाला. मग त्याने पुढचंही ढकललं. "तू मला हवी आहेस. घरात हवी आहेस. तू काही नाही केलंस, अभ्यास नाही केलास, नुसती बसून राहिलीस तरी हवी आहेस. माझ्या हातून चूक झाली. जाऊ नकोस."

एवढं लांब तो गिऱ्हाइकाशीही कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर तो जवळच्या मशीनच्या स्टुलावर बसला.

बॉबिनला पहिल्यांदा काही वाटलंच नाही. गोळ्यांमुळे सगळं जरा उशिरा पोहोचायचं. मग ते पोहोचलं. छातीतून सुरू झालं आणि हातापायांत गेलं, गरम गरम, आणि तिला एकदम इतकं बरं वाटलं की ती घाबरली. हेच. हेच तर. चौथीत पहिली आली तेव्हा ती याच टेबलापाशी निकाल धरून उभी होती, बाबांनी तो वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. सहावीत तेच. आठवीत तिने स्वतःच्या हाताने शर्टाला काज केले, बाबांनी अंगठा फिरवून बघितलं आणि शर्ट खुंटीवर टांगला. दरवेळी ती थोडा वेळ थांबायची. कुणी बघत नसताना, पायरीवर, पडद्यामागे, अंथरुणात, थांबायची. मग नंतर नंतर थांबणं एवढंच उरलं. सकाळी उठून थांबायचं, शाळेत थांबायचं, घरी येऊन थांबायचं. त्या दिवशी बसमध्ये तिला कळलं की आता थांबायचाही कंटाळा आलाय, आणि त्यापुढे काही सुचेना.

आई तिच्याकडे बघत होती. आत्या बघत होती. आजोबांनी डोळे उघडले होते.

"बाबा, हे परत म्हणाल?"

"म्हणीन."

"उद्या?"

"म्हणीन की."

"परवा?"

मास्टरने तोंड उघडलं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. आत्ता जे बोलला ते कुठून आलं हेच त्याला कळलं नव्हतं, ते परवा कुठून आणायचं हे त्याला कसं कळणार? तो एक क्षण थांबला. अगदी एकच क्षण. पण बॉबिन त्याचीच मुलगी, तिलाही बारीक दिसतं.

"मी प्रयत्न करीन," तो म्हणाला.

"माहितीये," ती म्हणाली. "तुम्ही कराल. पण मी राहिले ना, तर रोज सकाळी उठून त्याचीच वाट बघीन. आज म्हणतील का, आज म्हणतील का. नाही म्हणालात तर काय चुकलं म्हणून शोधत बसेन. आणि म्हणालात तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून म्हणाले असं वाटेल. बाबा, मी वाट बघूनच आजारी पडले."

"अगं, पण आता..." आई म्हणाली.

"तुझ्याकडे येते, आत्या," बॉबिन म्हणाली.

आत्या पुढे आली. तिच्या तोंडावर ते तयार वाक्य आलेलं बॉबिनला दिसलं, तिकडे फोन ठेवताना म्हणतात ते. "पण तू मला काही म्हणायचं नाही," ती घाईने म्हणाली. "मला तुझ्याकडून काही नकोय. म्हणूनच मला तिथे राहता येईल असं वाटतंय."

आत्याने वाक्य गिळलं. ते गिळताना किती टोचलं हे तिचं तिला माहीत. "बरं," ती म्हणाली. "दादा आता खरंच वसतिगृहात आहे, त्याची खोली रिकामी आहे. तू दाराला आतून कडी लावायची नाही, एवढी एकच अट. ती डॉक्टरांची आहे."

"चालेल."

पाचला वीस मिनिटं होती. आईने फोन आणला आणि ती नंबर लावायला लागली, तर बॉबिनने तो तिच्या हातातून काढून घेतला. मी करते, म्हणाली. पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मास्टर स्टुलावर बसून होता, हात गुडघ्यांवर, आणि आता तो लेकीकडे बघत नव्हता. त्याला बघवत नव्हतं. अण्णांनी खुर्चीतून आपला वाकडा हात पुढे केला आणि मुलाच्या पाठीवर ठेवला. पन्नास वर्षांत हात तिथे गेला नव्हता, त्यामुळे तो नीट बसतही नव्हता. पण त्यांनी तो काढला नाही.

"हॅलो," बॉबिन म्हणाली. "मी बोलतेय. ठरलं. मी आत्याबरोबर जाते." ती ऐकत राहिली. "हो, मीच ठरवलं. नाही, कुणी जबरदस्ती नाही केली. हो, गोळ्या घेतल्या. दोन वाजता." पुन्हा ऐकत राहिली. डॉक्टरबाई काहीतरी लिहून घेत असाव्यात. मग त्यांनी आणखी एक विचारलं, आणि बॉबिनने फोन कानाशी घट्ट धरला.

"घरचे?" ती म्हणाली. "बाबा म्हणाले, जाऊ नकोस."

हे सांगताना तिचा आवाज इतका वर गेला, इतका लहान मुलीचा झाला, की मास्टरने मान वर केली. ती रडत होती. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. डॉक्टरबाई पलीकडून काहीतरी म्हणत होत्या, आणि ती त्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "हो, म्हणाले. स्वतःहून म्हणाले. मी ऐकलं."